गादी घेताना वजनकाटा हाताशी ठेवा

बडोद्याच्या रावपुऱ्यात किंवा मांडवीकडच्या एखाद्या गादीच्या दुकानात शिरून "याची डेन्सिटी किती?" असं विचारून बघा. बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, "काका, एकदम हार्ड छे, हात दाबीने जुओ." गिऱ्हाईक हाताने दाबून बघतं, गादी कडक लागते, समाधान होतं आणि सौदा ठरतो. विचारलं होतं एक, उत्तर मिळालं भलत्याच प्रश्नाचं. दीड-दोन वर्षांनी त्याच गादीत कमरेखाली खड्डा पडतो आणि घरात वाद सुरू होतो की कंपनी वाईट, दुकानदार लबाड की आपलंच वजन वाढलं.

बडोद्यात गादी म्हटलं की आधी राजवाडा आठवतो. १८७५ साली सयाजीराव तिसरे ज्या गादीवर बसले तिच्या टिकाऊपणावर लिहिणारे पुष्कळ आहेत. इथे विषय पलंगावरच्या गादीचा.

कडकपणा आणि घनता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टिकाऊ गादीचा सगळा प्रश्न यातला दुसरा शब्द धरून सुटतो. घनता, म्हणजे दुकानातली डेन्सिटी, एक घनमीटर फोमचं वजन किती किलो हे सांगते. ३२ डेन्सिटी म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच ठोकळ्याचं वजन ३२ किलो. कडकपणा म्हणजे तो ठोकळा दाबायला किती जोर लागतो. कारखान्यात रसायनांचं प्रमाण बदललं की २० डेन्सिटीचा फोमही दगडासारखा कडक करता येतो आणि ५० डेन्सिटीचा लोण्यासारखा मऊ. हात दाबून कडकपणा कळतो, घनता कळत नाही. आयुष्य ठरतं ते मुख्यतः घनतेवर.

कारण साधं आहे. फोम म्हणजे लाखो बारीक कप्प्यांची जाळी. आपण झोपलो की या कप्प्यांच्या काड्या वाकतात, उठलो की सरळ होतात. हलक्या फोममध्ये तेवढ्याच जागेत माल कमी, म्हणून काड्या बारीक. रोज रात्री सात-आठ तास तिथेच भार पडून त्या थकतात, मोडतात आणि ती जागा आधी मऊ लागते, मग खोल होते. भार सर्वांत जास्त कमरेखाली आणि खांद्याखाली पडतो. खड्डा तिथेच का पडतो याचं उत्तर हेच. गादी बसते म्हणजे आतल्या काड्या मोडतात. उन्हात टाकून किंवा उलटी करून मोडलेली काडी जुळत नाही.

यात उष्णता भर घालते. फोम किती बसतो हे तपासण्याची एक प्रमाणित चाचणी आहे. तुकडा निम्म्यापर्यंत किंवा त्याहून जास्त दाबून ७० अंश सेल्सिअसला २२ तास ठेवतात, मग सोडून तो मूळ जाडीत किती परततो ते मोजतात. चाचणीत उष्णता मुद्दाम वापरतात, कारण दाब आणि ऊब एकत्र आली की फोम लवकर शरण येतो. मे महिन्यात बडोद्याचा पारा ४० च्या वर असतो. वरच्या मजल्यावरच्या, पश्चिमेच्या उन्हात तापणाऱ्या खोलीत, पाहुण्यांसाठीची फोमची गादी दुमडून माळ्यावर कोंबून ठेवली तर ती हीच चाचणी घरच्या घरी देते. दिवाळीत उघडली की मधोमध घडी उमटलेली असते आणि ती पुन्हा जात नाही.

किलोचा हिशेब

आता घनता ओळखायची कशी? गादीवर खोळ शिवलेली असते, आत काय आहे ते दिसत नाही. वजन मात्र लपवता येत नाही.

लांबी, रुंदी आणि जाडी इंचात घेऊन तिघांचा गुणाकार करा आणि ६१,०२४ ने भागा. घनमीटर मिळतात. ७८ बाय ७२ इंचाची, ६ इंच जाड गादी घ्या. ७८ गुणिले ७२ गुणिले ६ म्हणजे ३३,६९६, भागिले ६१,०२४ म्हणजे साधारण ०.५५ घनमीटर. हा सगळा ३२ डेन्सिटीचा फोम असेल तर वजन १७ ते १८ किलो भरलं पाहिजे, ४० चा असेल तर २२ किलो. वर खोळ आणि शिवणीतला पातळ फोम यांचे दोन-तीन किलो धरा. "४० डेन्सिटी" म्हणून विकलेली गादी खोळीसकट १६ किलो भरली, तर आत ४० नाही, एवढं दुकानदाराशी न भांडता कळतं.

तोंडी हिशेबाला एक सोपं माप पाठ करून ठेवा. ७८ बाय ७२ च्या गादीत प्रत्येक इंच जाडीला ३२ डेन्सिटीचा फोम सुमारे ३ किलो, ४० चा पावणेचार किलोच्या थोडा आत, काथ्याचा थर सात-साडेसात किलो. ३६ इंची सिंगल गादीला याच्या निम्मं.

वजन करायचं कसं, हा प्रश्न साहजिक आहे. गादी उभी करून बाथरूमच्या वजनकाट्यावर तिचा सगळा भार येऊ द्यावा आणि वरून एका बोटाने फक्त तोल धरावा. दुकानात ते जमत नसेल तर पॅकिंगवरचं किंवा बिल्टीवरचं वजन बघा, मालवाहतुकीसाठी ते बहुधा लिहिलेलं असतं. विमानप्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा असेल तर बांधलेल्या दोरीत अडकवून दोघांनी उचललं तरी भागतं, काट्याची मर्यादा तेवढी बघा.

या हिशेबालाही एक चोरवाट आहे. स्वस्त फोममध्ये खडूची भुकटी मिसळून वजन वाढवता येतं. असा फोम जड भरतो, पण जाळी बारीकच राहते. भुकटीचा फोम बोटांत चोळला की पांढरी पूड सुटते, चिमटीत ओढला तर चटकन फाटतो आणि दाबून सोडल्यावर उसळी मंद असते. उसळी तपासायला दुकानातल्या नमुन्याच्या उघड्या तुकड्यावर बेअरिंगमधली लोखंडी गोळी अर्ध्या मीटरवरून सोडा. चांगल्या एचआर (हाय रेझिलियन्स, म्हणजे जास्त उसळीच्या) फोमवर ती निम्म्याहून वर उडते. साध्या फोमवर त्याहून बरीच कमी. मेमरी फोमवर जवळजवळ उडतच नाही, पण तो त्या जातीचा गुण आहे, दोष नव्हे.

थर वाचायला शिका

आजकाल एकाच मालाची गादी क्वचितच मिळते. चार थर एकावर एक चिकटवून वर सुंदर कापड चढवलेलं असतं आणि जाहिरातीत फक्त वरच्या थराचं नाव असतं. "मेमरी फोम गादी" म्हणजे बहुतेक वेळा वर एक-दीड इंच मेमरी फोम आणि खाली दुसरंच काही. म्हणून दुकानदाराला थरांची यादी मागावी: वरून खाली, प्रत्येक थर किती इंचाचा, कोणता, किती डेन्सिटीचा. जो लिहून देतो त्याच्याकडून घ्यावं. जो "सगळं हाय क्वालिटी" म्हणतो त्याला नमस्कार.

यादीत रीबॉन्डेड हा शब्द वारंवार दिसेल. फोम कापताना उरलेली कात्रणं बारीक करून, डिंकासारखं रसायन मिसळून दाबून ठोकळा करतात. तो कापला की रंगीबेरंगी ठिपके दिसतात. डेन्सिटी ८० ते १२० पर्यंत जाते आणि इथेच गिऱ्हाईक फसतं: रीबॉन्डेडचे ९० आणि नव्या फोमचे ४० यांची तुलना करायची नसते. हा माल दाबलेला असतो म्हणून जड, उसळीमुळे नव्हे. खालचा आधार म्हणून तो छान काम करतो, स्वस्त आणि टणक. वर मात्र किमान दोन इंच चांगला फोम हवा, नाहीतर कुशीवर झोपणाऱ्याच्या खांद्याला आणि कमरेच्या हाडाला रात्रभर टोचतं. "ऑर्थो" छापलेल्या गाद्यांमध्ये बहुधा हाच ठोकळा असतो. ऑर्थो, ऑर्थोपेडिक हे शब्द म्हणजे डॉक्टरांनी दिलेलं प्रमाणपत्र नव्हे, कोणीही ते छापू शकतो.

७८ बाय ७२ ची ६ इंची ऑर्थो गादी, ४ इंच रीबॉन्डेड आणि २ इंच ४० डेन्सिटीचा फोम असेल, तर वजन ४० किलोच्या वर जायला हवं. ती जर एकटा माणूस सहज खांद्यावर घेऊन जिना चढत असेल, तर आत काहीतरी पोकळ आहे.

ते पोकळ काहीतरी म्हणजे बऱ्याचदा ईपीई. टीव्हीच्या खोक्यात पांढरे, चकचकीत, दाबले की कुरकुरणारे तुकडे येतात, तोच पदार्थ. त्याच्या पाट्या चिकटवून गादीच्या मधोमध घालतात. नवीन असताना छान ताठ लागतो आणि सगळा धंदा त्या पहिल्या दहा मिनिटांवर चालतो. ईपीईचे कप्पे बंद फुग्यांसारखे असतात, रोजच्या दाबाने त्यातली हवा निघत जाते आणि पाटी पातळ होते. हवा आरपार जात नसल्याने घामही आत अडकतो. रोजच्या वापराच्या गादीत ईपीई असेल तर ती घेऊ नये, एवढं सरळ आमचं मत. खोळीला चेन असेल तर दुकानातच उघडून बघा. चेन नसेल तर गादी वाकवून कान जवळ न्या, करकर आवाज आला तर समजा.

काथ्याची गादी आपल्याकडे वर्षानुवर्षं आहे. नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक फवारून, दाबून, भाजून पाट्या करतात. हवा खेळती राहते, उकाड्यात थंड वाटते. दोष असा की काथ्याला उसळी कमी, त्यामुळे एकदा दबला की दबलाच. वर्षं गेली की रबर सुकून सुटतं आणि पलंगाखाली तपकिरी भुसा पडू लागतो. तो भुसा दिसला की गादीचे दिवस भरले. जाड काथ्याच्या गादीत उलट जास्त खड्डा पडतो, म्हणून ४ इंचाचा काथ्या आणि वर एक-दीड इंच फोम किंवा लॅटेक्स (रबराच्या चिकाचा फोम) अशी जोडी बरी.

स्प्रिंगच्या गादीत दोन जाती. बॉनेलमध्ये सगळ्या स्प्रिंगा तारेने एकमेकींना गुंफलेल्या, एक दबली की शेजारच्या हलतात, एकाने कूस बदलली की दुसऱ्याची झोपमोड. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत, त्यामुळे हलणं तिथल्या तिथे राहतं. लोक स्प्रिंगा मोजतात, पण स्प्रिंग सहसा शेवटी मोडते. आधी बसतो तो तिच्यावरचा फोम, म्हणून तिथली डेन्सिटी विचारा. कडेला बसून बुटाची नाडी बांधल्याचा अभिनय करून बघा, कड खूप खचली तर काठाला फोमची चौकट नाही. म्हाताऱ्या माणसांना पलंगावरून उठताना हीच कड आधार देते.

खरा नैसर्गिक लॅटेक्स जड असतो, ६ इंचाची मोठी गादी ४० किलोच्या आसपास किंवा जास्तही. या सगळ्यांत तो सर्वांत जास्त टिकतो आणि किंमतही तशीच. ऊन आणि तेल हे त्याचे शत्रू. डोक्याला तेल चोपडून झोपायची सवय असेल तर वर जाड संरक्षक खोळ हवीच.

मेमरी फोम १९६६ मध्ये नासाच्या कामासाठी तयार झाला, ही गोष्ट विक्रेते आवडीने सांगतात आणि ती खरीही आहे. ते सांगत नाहीत तो भाग असा की हा फोम ऊब लागली की मऊ होतो, थंडीत ताठरतो आणि अंगाला चिकटून बसल्यामुळे गरम वाटतो. एसी चालू असणाऱ्या खोलीत ठीक. नुसत्या पंख्याखाली झोपणाऱ्यांनी मे महिना डोळ्यांसमोर आणून निर्णय घ्यावा. घ्यायचाच तर ५० डेन्सिटी किंवा वर.

आणि कापसाची गादी? तिला जुनाट म्हणून बाद करायची घाई नको. तिची गंमत अशी की तीच एक गादी पुन्हा नवी होते. दोन-चार वर्षांनी खोळ उसवली, कापूस पिंजून घेतला, किलो-दोन किलो नवीन भर घातली, टाके घातले की झालं. सिंगल गादीला १० ते १२ किलो कापूस लागतो. पिंजाऱ्याकडे माल घेताना बोटांत धरून बघा: आखूड, जाडसर धाग्याची पांढरी रुई दाबून सोडली की फुगते. रंगीत दोऱ्यांचे तुकडे, चिंध्यांची कात्रणं दिसली तर तो गिरणीचा उरलेला माल, महिन्याभरात गोळे होतात. वजन डोळ्यांसमोर करून घ्यावं आणि टाके सहा-आठ इंचांवर हवेत, अंतर जास्त असेल तर कापूस सरकून कडेला जमतो. मात्र कापसाला उसळी नाही, कमरेचा त्रास असणाऱ्यांना जुनी दबलेली कापसाची गादी म्हणजे फरशीच.

किती कडक?

"पाठ दुखते, कडक गादी घ्या" हे आपल्याकडे आजोबांपासून चालत आलेलं. २००३ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास छापून आला. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ जणांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गाद्या देऊन ९० दिवसांनी तपासलं. मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडला होता. म्हणजे फळीसारखी गादी हे औषध नव्हे. ज्यांचं दुखणं मोठं आहे त्यांनी दुकानदाराचं न ऐकता डॉक्टरांना विचारावं, हे वेगळं सांगायला नको.

दुकानात चपला काढून किमान दहा-पंधरा मिनिटं झोपून बघा, लाज वाटू देऊ नका. उताणे झोपून कमरेच्या बाकाखाली तळहात सरकवा. सहज आरपार गेला तर गादी जास्त कडक, कंबर अधांतरी आहे. शिरतच नसेल आणि कूस बदलायला जोर लागत असेल तर जास्त मऊ. थोडा अडकत गेला तर बेताची. मग नेहमीच्या कुशीवर वळा, खांदा दुखतो का बघा. ज्याची गादी त्यानेच झोपून बघायला हवं. ५० किलोच्या माणसाला कडक वाटणारी गादी ९० किलोच्या माणसाला मऊ लागते. नवरा-बायकोच्या वजनात असा फरक असेल तर ७२ इंचाची एक गादी घेण्यापेक्षा ३६ च्या दोन घ्याव्यात, प्रत्येकाची आपापली. मधल्या फटीला पट्टा मिळतो.

जाडीचा हव्यास नको. पलंगावर बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, म्हणजे पलंग आणि गादी मिळून उंची साधारण ४५ ते ५५ सेंटिमीटर. पेटीपलंग आधीच उंच असतो, त्यावर १० इंची गादी टाकली की गुडघे दुखणाऱ्या आजींना चढायला पाट लागतो.

पलंग, पेटी आणि पाऊस

चांगली गादी वाईट पलंगावर टिकत नाही. पलंगावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरा ताणून धरा आणि मधोमध दोरा व फळी यांत किती अंतर पडतं ते बघा. सेंटिमीटरहून जास्त झोळ असेल तर आधी फळी किंवा मधला आधार दुरुस्त करा. पट्ट्यांचा पलंग असेल तर दोन पट्ट्यांत तीन इंचांहून जास्त फट नको, नाहीतर फोम फटीत उतरतो. जुन्या खचलेल्या गादीवर नवी टाकण्याची काटकसर तर मुळीच नको, खालचा खड्डा वर येतोच.

आपल्या अंगातून रात्रभर घाम आणि वाफ निघते. त्यातला काही भाग गादी शोषते आणि दिवसा परत सोडते. पेटीपलंगाची प्लायवूड सलग असेल आणि पेटीत गोधड्या कोंबलेल्या असतील, तर ही ओल खालून बाहेर पडत नाही. जुलै-ऑगस्टात गादीच्या तळाला करड्या-काळ्या बुरशीचे ठिपके येतात ते यामुळे. वास आला म्हणून लोक गादी बदलतात आणि नवीही तशीच होते. उपाय सुताराच्या अर्ध्या तासाचा आहे: प्लायला आठ-दहा इंचांच्या अंतराने एक इंच व्यासाची भोकं. सकाळी उठल्याबरोबर चादर चापूनचोपून घालण्याऐवजी तासभर गादी उघडी ठेवली तरी बराच फरक पडतो.

वर घालायची संरक्षक खोळ प्लास्टिकची नको, तिच्यात घाम साचतो. टॉवेलसारखं सुती कापड आणि खाली वाफ जाऊ देणारा पातळ थर अशी मिळते, धुताही येते. घेताना गादीची जाडी सांगा, नाहीतर कोपरे सुटत राहतात.

वैशाखात आगाशीवर गाद्या टाकायची आपली सवय कापसाला अगदी योग्य. ओल जाते, कापूस फुगतो, गादी उलटसुलट करत तापवली तर ढेकणांनाही त्रास होतो. तीच सवय फोम आणि लॅटेक्सला मारक. ऊन लागून फोम पिवळा पडतो, वरचा थर ठिसूळ होऊन भुगा सुटतो. त्यांना सावलीत, वाऱ्याला उभं करावं.

विश्वामित्रीला पूर आला की तळमजल्यांत पाणी शिरतं, २०१९ च्या जुलैअखेर आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये शहराने ते पाहिलं. गटाराचं पाणी प्यायलेली फोमची गादी बाहेरून कोरडी दिसली तरी आतून दोन दिवसांत बुरशी धरते. ती वाचवायचा मोह सोडावा. कापसाची उसवून, खोळ धुऊन, कापूस बाहेर पसरून वाळवता येते, तरी मैल्याच्या पाण्यात भिजली असेल तर तीही टाकलेली बरी. नदीकाठच्या भागात तळमजल्यावर राहणाऱ्यांनी महागडी, जड गादी घेताना हाही विचार करावा: पाणी चढायला लागल्यावर दोघांनी १५ किलो वर नेता येतात, ४५ नाही.

माप, जिना आणि वॉरंटी

माप गादीचं घेऊ नका, पलंगाच्या आतल्या बाजूचं घ्या, तीन ठिकाणी. जुन्या सागवानी पलंगांची मापं ७२, ७५, ७८ पैकी काहीही असतात आणि कधी यांपैकी कुठलंच नसतं. मापात आलेला सर्वांत लहान आकडा धरा. मापाने बनवून घेतलेली गादी सहसा परत घेत नाहीत, म्हणून दुकानदाराच्या वहीतला आकडा स्वतः वाचून बघा.

शहरातल्या वाडी भागातल्या जुन्या घरांत राहणाऱ्यांना आणखी एक मोजमाप आहे. गादी दारातून उभी जाते, अडते ती जिन्याच्या वळणावर. फोमची गादी हवा काढून गुंडाळलेली मिळते, ती बोळातून, लाकडी जिन्यावरून वर जाते. स्प्रिंगची ७८ बाय ७२ सहसा वळत नाही आणि वाकवली तर आतली चौकट वाकते. अशा घरांत दोन सुट्या गाद्याच शहाणपणाच्या.

वॉरंटीच्या कागदावर "दहा वर्षं" मोठ्या अक्षरात असतं. बारीक अक्षरात शोधायचं ते असं: किती खोल खड्डा पडला तर दावा मान्य? साधारण १ ते १.५ इंच असं लिहिलेलं असतं आणि तो खड्डा गादीवर कोणी नसताना, दोरा ताणून मोजतात. अंगाखाली खचते पण उठल्यावर वर येते, अशा गादीला हा नियम लागत नाही आणि हलक्या फोमचं नेमकं तसंच होतं. डाग पडला असेल तर दावा बाद. पलंग सपाट नसेल तर बाद. सुरुवातीची काही वर्षं गेल्यावर पूर्ण बदली न देता वापराच्या प्रमाणात पैसे कापून नवी देतात. म्हणून पक्कं बिल, त्यावर थर आणि डेन्सिटी, आणि लेबलचा फोटो जवळ ठेवा.

गुंडाळून आलेली गादी महिनोन्‌महिने बांधून ठेवू नका. उघडल्यावर पूर्ण फुगायला एक ते तीन दिवस लागतात, तोवर जाडी मोजून भांडायला जाऊ नये. रसायनाचा वास खिडक्या उघड्या ठेवल्या की काही दिवसांत जातो. पहिले सहा महिने दर महिन्याला आणि नंतर तीन महिन्यांनी उशाची बाजू पायथ्याला करा. उलटी मात्र दोन्ही बाजूंनी वापरायची असेल तरच करावी, वर मेमरी फोम आणि खाली रीबॉन्डेड असलेली गादी उलटवली की आपण ठोकळ्यावर झोपतो.

गादी घरी आली की माणूस जाण्याआधी वजन करून घ्या. तीन दिवसांनी, फुगून झाल्यावर, चारही कोपऱ्यांत आणि मध्ये जाडी मोजा. जुनी गादी बदल्यात देऊन नवी घेत असाल तर नव्या गादीचं प्लास्टिक टेम्पोत फाटलेलं नाही ना ते बघा. त्याच टेम्पोत दिवसभर दहा घरच्या जुन्या गाद्या चढलेल्या असतात आणि ढेकूण शिवणीच्या घडीत बसून येतात. शिवण बोटांनी उलगडून टॉर्च मारा. काळे ठिपके दिसले तर गादी उंबऱ्याच्या आत घेऊच नका.